अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला ‘हायकू’ चालवून घ्या : संगणक विभागप्रमुखांना आणि अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संगणक विभागप्रमुख आणि
विद्यापीठांच्या संगणक अभ्यास मंडळांचे सदस्य

विषय : ‘हायकू’ या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमवरचे काम अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून ग्राह्य धरण्याबाबत

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि तुमच्यापैकी काहींच्या बोलावण्यावरून बहिःस्थ परीक्षक म्हणून अंतिम वर्षाच्या ओरलला येते. टेबलावर ब्लॅक बुकांची, म्हणजे बांधून आणलेल्या प्रकल्प अहवालांची, चळत असते. पुठ्ठ्यावरची सोनेरी शीर्षके वाचली की आत काय असणार हे बहुतेक वेळा कळून चुकते : चेहरा ओळखून हजेरी, पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग, कॉलेजच्या वेबसाइटसाठी चॅटबॉट. त्यातले काही काम खरोखर मेहनतीचे असते. बरेच मात्र कुठून येते हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तयार प्रोजेक्ट, त्यासोबत पीपीटी आणि ‘व्हायवाला विचारतील ते प्रश्न’ अशी सगळी थाळी विकत मिळते, आणि चौघांच्या गटात वर्गणी काढून ती घेतली जाते.

मुलांना मी फार दोष देत नाही. डेमो एकदा चालला की काम संपले, त्यानंतर तो कोड जन्मात कोणी उघडणार नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असते. जे कोणी वाचणार नाही ते स्वतः कशाला लिहायचे? माझी मागणी याच दुखण्यावर आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत हायकूवरचे काम मान्य करा, आणि त्याचे गुण तिथल्या उघड परीक्षणाच्या नोंदींवरून द्या.

हायकू म्हणजे काय हे आपल्यापैकी काहींना सांगायला नकोच. ज्यांनी २००० च्या आसपास मासिकाच्या सीडीवरून बीओएस ही हायकूची पूर्वज सिस्टिम लावून पाहिली असेल त्यांना तिचा पिवळा टॅबवाला चौकटीचा मथळाही आठवेल. ॲपलमधून बाहेर पडलेले जाँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी ही कंपनी काढली. १९९५ मध्ये तिचा बीबॉक्स आला, दोन प्रोसेसर असलेला, आणि त्यावर बीओएस. १९९६ मध्ये ॲपल आपल्या नव्या सिस्टिमसाठी बी विकत घेणार अशी बोलणी चालली होती; शेवटी ॲपलने स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट ही कंपनी घेतली आणि तिच्यासोबत ते परत आले. पुढची गोष्ट जगाला माहीत आहे. बीची गोष्ट मात्र २००१ च्या ऑगस्टमध्ये, एक कोटी दहा लाख डॉलरला हातात मावणारे संगणक बनवणाऱ्या पामने तिची मालमत्ता घेतली तिथे संपली. त्याच महिन्यात काही वापरकर्त्यांनी ठरवले की ही सिस्टिम आपण पुन्हा पहिल्यापासून लिहू. प्रकल्पाचे नाव आधी ओपनबीओएस होते, २००४ मध्ये ते हायकू झाले. गाभ्यासाठी त्यांनी बीमध्येच काम केलेल्या ट्रॅव्हिस गाइसेलब्रेख्त यांचा न्यूओएस हा कर्नल घेतला, आणि परवाना ठेवला एमआयटीचा, म्हणजे अगदी मोकळा.

पहिली अल्फा आवृत्ती आली २००९ मध्ये. पहिली बीटा २०१८ मध्ये, पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये. आवृत्ती १ अजून आलेली नाही. या वेगाला हसू येणे स्वाभाविक आहे. पण माणसे किती हेही पाहा : बहुतेक सगळे फावल्या वेळात काम करणारे स्वयंसेवक, आणि देणगीच्या पैशातून २०२१ पासून नेमलेला एक पूर्णवेळ विकासक. इतक्या थोड्या हातांनी कर्नल, ग्राफिक्स, फाइल सिस्टिम, डेस्कटॉप आणि डझनावारी ॲप्स उभी राहिली आहेत. पेंटियम २ आणि ३८४ एमबी मेमरी एवढ्यावर ती चालते. तुमच्या भंगारखोलीत ‘राइट ऑफ’ची वाट पाहत पडलेली यंत्रे याच्या कितीतरी पुढची आहेत.

पण जुन्या यंत्रांसाठी मी हायकू सुचवत नाही. त्याला हलके लिनक्स पुरेसे आहे. मी ती शिकण्यासाठी सुचवते आहे, आणि त्याचे कारण तिच्या रचनेत आहे.

लिनक्स डेस्कटॉप म्हणजे एक सिस्टिम नव्हे. कर्नल एकाकडे, सी लायब्ररी दुसऱ्याकडे, पडद्यावर चित्र काढणारे वेलँड आणि मेसा तिसरीकडे, खिडक्या-बटणे आणि डेस्कटॉप देणारे जीटीके आणि ग्नोम चौथीकडे. प्रत्येकाची रीत निराळी, चर्चेची जागा निराळी. नुसत्या कर्नलच्याच तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी त्यात उतरला तर पहिले सत्र पत्ता शोधण्यातच जाते. हायकूचे कर्नल, बूट लोडर, पडद्यावर चित्र काढणारा ॲप सर्व्हर, फाइली दाखवणारा ट्रॅकर, डेस्कबार, सेटिंग्जच्या खिडक्या, अगदी टर्मिनल आणि मेलचे ॲपसुद्धा, हे सगळे एकाच गिट भांडारात (कोडचा बदलांसह साठा), बहुतांश सी++ मध्ये आणि एकाच शिस्तीत लिहिलेले आहे. माउसचे बटण दाबल्यापासून पडद्यावरचे बटण आत दबलेले दिसेपर्यंतचा सगळा प्रवास एका दुपारी कोड उघडून बोटाने दाखवता येतो. ड्रायव्हर, इनपुट सर्व्हर, ॲप सर्व्हर, खिडकीचा थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा), तुमच्या ॲपमधले फंक्शन. इतक्या पूर्ण आणि तरीही डोक्यात मावणाऱ्या सिस्टिमा जगात फार नाहीत.

आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलमध्ये काय होते ते आठवा. एफसीएफएस आणि राउंड रॉबिन या प्रोसेसरची वेळ वाटण्याच्या पद्धतींचा सी किंवा जावातला प्रोग्रॅम, स्क्रीनवर वेटिंग टाइमचा तक्ता. बँकर्स अल्गोरिदम, पुन्हा तक्ता. एलआरयू, पुन्हा तक्ता. शेड्युलर, म्हणजे कोणते काम केव्हा चालवायचे ते ठरवणारा भाग, शिकलेल्या मुलाने खरा शेड्युलर कधी पाहिलेलाच नसतो. हायकूमध्ये तो पाहता येतो, बदलता येतो, व्हर्च्युअल मशीनमध्ये काही सेकंदांत बूट करून तपासता येतो. चुकला तर सिस्टिम मुकाट्याने गारद होत नाही. पांढऱ्या पडद्यावर ‘वेलकम टू कर्नल डीबगिंग लँड’ अशी अक्षरे येतात आणि खाली कमांड टाइप करायला जागा मिळते. कोणत्या थ्रेडने कोणते लॉक धरून ठेवले होते हे तिथल्या तिथे विचारता येते. डेडलॉकवरचे, म्हणजे थ्रेड एकमेकांची वाट पाहत अडकून बसण्यावरचे, माझे सगळे वाचन एकीकडे आणि तो पडदा एकीकडे. शिवाय इथे प्रत्येक खिडकीला स्वतःचा थ्रेड असतो, त्यामुळे डेडलॉक शोधायला फार लांब जावे लागत नाही.

डीबीएमएस (डेटाबेस) शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनाही एक नजर टाकायला सांगा. हायकूच्या फाइल सिस्टिममध्ये फाइलला कितीही गुणधर्म जोडता येतात, त्यांवर झटपट शोधासाठी बी+ ट्रीचे इंडेक्स असतात आणि फाइलींवर क्वेरी लावून ठेवता येते, जी नवी फाइल येताच आपोआप ताजी होते. पत्त्यांची वही म्हणजे नुसत्या फाइली, मेलही नुसत्या फाइली. ही कल्पना नव्वदच्या दशकातली आहे. तिचे मूळ रचनाकार डॉमिनिक जिआम्पाओलो पुढे ॲपलमध्ये गेले आणि तिथे स्पॉटलाइटवर त्यांनी काम केले, यावरून काय ते समजा.

आता ज्या कामासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले त्याकडे येते.

हायकूमध्ये देवनागरीचा फाँट बसवा, तिचा स्वतःचा टेक्स्ट एडिटर उघडा आणि त्यात ‘विद्यार्थी’ हा शब्द पेस्ट करा. दिसेल ते वाचवणार नाही. पहिली वेलांटी व च्या अलीकडे न येता पलीकडे, द च्या अंगावर येऊन बसते. द आणि य यांचे जोडाक्षर होत नाही, द चा पाय मोडलेला राहतो. रफार थी च्या डोक्यावर चढत नाही, र पाय मोडून शेजारी उभा राहतो. अक्षरे सगळी आहेत, शब्द नाही.

कारण साधे आहे. युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो : आधी व, मग वेलांटी. पडद्यावर क्रम उलटतो, दोन-तीन संकेतांचे मिळून एकच चित्र होते, एक संकेत दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. हे कसे करायचे याचे नियम फाँटच्या पोटात लिहिलेले असतात, पण ते वाचून अमलात आणणारा कोणीतरी लागतो. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांत ते काम हार्फबझ ही मुक्तस्रोत लायब्ररी करते. हायकूच्या ॲप सर्व्हरमध्ये अक्षरांची मांडणी करणारा जो भाग आहे तो सरळमार्गी आहे : एक संकेत घ्या, फाँटकडून त्याचे चित्र मागा, काढा, पुढे सरका. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जपानी या रीतीने निभावतात. देवनागरी, बंगाली, तमिळ, अरबी निभावत नाहीत. क्यूटी या लायब्ररीवर लिहिलेली ॲप्स स्वतःसोबत हार्फबझ आणतात म्हणून त्यांत मराठी ठीक दिसते. सिस्टिमच्या स्वतःच्या खिडक्यांत, फाइलींच्या नावांत, मेनूत नाही. पाचव्या बीटापर्यंत हे असेच आहे.

‘मग हार्फबझ जोडून टाका’ असे कोणी म्हणेल. इथेच ते अंतिम वर्षाच्या तोडीचे काम होते. हायकूचे जुने प्रोग्रॅमिंग इंटरफेस असे गृहीत धरतात की प्रत्येक अक्षराला स्वतःची रुंदी आहे. ॲप सिस्टिमला विचारते, ‘या ओळीतल्या प्रत्येक अक्षराने किती जागा घेतली?’ आणि उत्तरात आकड्यांची रांग मिळते. ‘र्थी’ मध्ये र ची रुंदी किती सांगणार? शून्य? मग कर्सर कुठे उभा राहणार? बॅकस्पेस दाबली तर वेलांटी पुसायची की अख्खे अक्षर? मोजणी ॲपच्या बाजूने मागितली जाते आणि चित्र सर्व्हर काढतो. दोघांचा हिशेब एका पिक्सेलनेही चुकला तर निवडलेला मजकूर एकीकडे आणि निळी पट्टी दुसरीकडे. त्यात ३२ बिटची आवृत्ती बीओएसचे जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून अजूनही मोठ्या प्रमाणात जीसीसी २.९५ या गेल्या शतकातल्या कंपायलरने बांधली जाते. हार्फबझला आधुनिक सी++ लागते. तिचा बाहेरचा इंटरफेस मात्र साध्या सी भाषेत आहे, मग त्या फटीतून वाट काढता येईल का? हे नीट तपासून, छोटा नमुना करून, निष्कर्ष लिहिणे एवढेच काम एका गटाला एक सत्र पुरेल, आणि ‘जमत नाही, कारण असे’ हे उत्तर आले तरी ते पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

हे काम बर्लिनच्या किंवा सिअॅटलच्या स्वयंसेवकाने करावे अशी अपेक्षा ठेवता येईल, पण त्याने केले तरी बरोबर झाले की नाही हे तो कसे ओळखणार? ‘दुसऱ्या’ मधला अर्धचंद्रासारखा र आणि ‘सूर्य’ वरचा रफार यांतला फरक त्याच्या डोळ्यांना दिसणार नाही. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीहून निराळा असतो, फाँटमध्ये दोन्ही असू शकतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे सिस्टिमने सांगितले तरच मराठी वळण उमटते, हे त्याच्या गावी नसेल. आपल्या चौथीतल्या मुलाला हे चटकन खटकते. आणि लिनक्सवर असले काम आपल्याकडे होऊन गेले आहे. लोहित फाँट वर्षानुवर्षे पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी सांभाळले. संगणकावर भारतीय लिप्या आणणारा सी-डॅकचा जिस्ट गट पुण्यातच आहे. ते काम पाहिलेली माणसे तुमच्या गावात आहेत, फोन केला तर येतीलही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा : ‘याने प्लेसमेंट मिळेल का?’ हायकू चालवणारी कंपनी कॅम्पसला येणार नाही, हे खरे. पण मी स्वतः मुलाखती घेते. ‘आमच्या मॉडेलची अचूकता ९८ टक्के’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता कानावरून जाते. अनोळखी, लाखो ओळींच्या कोडमध्ये शिरून एक दोष शोधला, दुरुस्ती पाठवली, ती तीनदा परत आली, चौथ्यांदा घेतली गेली, आणि हा तिचा पत्ता, असे सांगणारी मुलगी समोर आली तर मी बायोडाटा बाजूला ठेवून तिच्याशी अर्धा तास बोलेन. नोकरीत पहिली दोन वर्षे हेच तर करायचे असते. दुसऱ्यांच्या जुन्या कोडमध्ये हात घालायचा आणि काही मोडू द्यायचे नाही.

दुसरा आक्षेप हायकूच्याच उणिवांचा, आणि तो मी झाकणार नाही. रोजच्या वापराला ती अजून पुरी पडत नाही. ग्राफिक्स कार्डाचा त्रिमितीय वेग तिला वापरता येत नाही. एका यंत्रावर अनेक वापरकर्ते ही कल्पना तिच्यात नावापुरती आहे, त्यामुळे सुरक्षेच्या बाबतीत ती मागे आहे. वायफायचे ड्रायव्हर बरेचसे फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीकडून आणलेले, म्हणून काही लॅपटॉपवर चालते, काहींवर नाही. तेव्हा कृपा करून कोणी उत्साहाच्या भरात लॅबमधली विंडोज पुसून हायकू टाकू नये. ती व्हर्च्युअल मशीनमध्येच राहू द्या. पण विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर ही उणिवांची यादी म्हणजे कामांची यादी आहे. भरलेल्या घरात नवख्याला कोणी काम देत नाही.

तिसरा आक्षेप गुणांचा, आणि तो मला सगळ्यांत खरा वाटतो. प्रकल्पाचे वेळापत्रक तुमच्या हाती, दुरुस्ती स्वीकारणे परदेशातल्या स्वयंसेवकांच्या हाती. मार्चपर्यंत त्यांनी पाहिलीच नाही तर? म्हणून गुण ‘स्वीकारली का’ यावर ठेवू नका. हायकूचे कोडपरीक्षण गेरिट या वेबवरच्या परीक्षण-प्रणालीत उघड्यावर चालते. कोणी केव्हा काय पाठवले, कोणी काय विचारले, त्याला काय उत्तर दिले, मग काय बदलले, सगळे तारखेसह कायमचे नोंदलेले असते. विकत घेतलेल्या प्रोजेक्टला असा इतिहास जोडता येत नाही. चॅटजीपीटीकडून कोड लिहून घेतला तरी ‘हे लॉक इथे का घेतले?’ या प्रश्नाला नावानिशी उत्तर द्यावे लागते, आणि चारचौघांत द्यावे लागते. तिथले परीक्षक शब्दांनी सौम्य पण बारीक असतात. दोन फंक्शनांमध्ये दोन रिकाम्या ओळी सोडल्या नाहीत तरी दुरुस्ती परत येते. आमच्या ओरलच्या दहा मिनिटांत मी जे तपासू शकत नाही ते तिथे आठवडाभर तपासले जाते. बहिःस्थ परीक्षकाला ती नोंद वाचायला द्या, ब्लॅक बुकाची पाने कमी झाली तरी चालतील.

विद्यार्थ्यांना हे झेपते का, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. हायकू २००७ पासून अनेकदा गूगलच्या समर ऑफ कोड या, नवख्यांना मुक्तस्रोत कामाला लावणाऱ्या उपक्रमात सहभागी झाली आहे आणि त्यात भारतीय मुलेमुलीही काम करून गेली आहेत. एका विद्यार्थ्याने २०१२ च्या उन्हाळ्यात एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीच्या आवृत्ती ४ चा क्लायंट लिहिला, आणि पुढच्याच दीड वर्षात हायकूचा नवा शेड्युलरही त्यानेच लिहिला. आपल्याकडच्या प्रॅक्टिकलमध्ये ज्याचा तक्ता छापतात तोच शेड्युलर. मात्र समर ऑफ कोडला निवड लागते, आणि ती थोड्यांची होते. तुमच्या हातात अख्खी वर्षे आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत, क्रेडिटच्या चौकटी अजून ओल्या आहेत. त्यामुळे मागणी आत्ताच करते. अभ्यास मंडळांनी प्रकल्पाच्या प्रकारांत ‘चालू मुक्तस्रोत प्रकल्पातील योगदान’ असा प्रकार स्पष्ट शब्दांत घालावा, म्हणजे एखाद्या गाइडला परवानगीसाठी दारोदार फिरावे लागणार नाही. त्याला ‘नवीन कल्पना’ आणि ‘साहित्य सर्वेक्षण’ यांचे जुने निकष लावू नयेत. चालत्या सिस्टिममधला दोष समजून घेणे हेच तिथले सर्वेक्षण. पहिल्या सत्रात हायकू स्वतः बांधणे आणि नवख्यांसाठी राखलेल्या सोप्या कामांपैकी एखादे पूर्ण करणे, दुसऱ्या सत्रात मोठे काम, अशी विभागणी पुरे. आणि देवनागरीचे काम एका कॉलेजच्या एका गटावर न टाकता दोन-तीन कॉलेजांनी वाटून घ्यावे. एकाने मांडणी, दुसऱ्याने कर्सर आणि निवड, तिसऱ्याने नुसती तपासणी : जोडाक्षरांची, रफारांची, मराठी ल-श ची मोठी यादी करून प्रत्येक बांधणीवर ती चालवून पाहणे. ती तपासणी करायला सी++ सुद्धा लागत नाही. मराठी विभागातल्या एखाद्या बाईंना सोबत घेतले तर उत्तमच.

या वर्षी ज्या विभागाला पहिले पाऊल टाकायचे असेल तिथे विषय ठरण्याआधीच्या एखाद्या शनिवारी मी येऊन हायकू बांधायची कशी हे मुलांसोबत बसून दाखवीन. मानधन नको. लिनक्स असलेली आठ-दहा यंत्रे आणि धड चालणारे इंटरनेट लागेल. कॉलेजच्या फायरवॉलमध्ये गिट बहुधा अडवलेले असते, ते तेवढे शुक्रवारीच उघडून घ्यावे, शनिवारी नेटवर्कवाले भेटत नाहीत.

आपली विश्वासू,
एक बहिःस्थ परीक्षक
पुणे